वणव्याच्या सिम्युलेशनमध्ये आग रस्ता ओलांडते: व्हेक्टर नकाशे वापरताना कुठे चुकतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या दक्षिणेला, महू-चोरलच्या बाजूच्या डोंगराळ जंगलात वणवा कसा पसरेल याचा अभ्यास चालू आहे. रस्ते, नाले, जाळरेषा (आग अडवण्यासाठी साफ केलेले पट्टे), कक्षांच्या (वनखात्याने पाडलेल्या जंगलाच्या तुकड्यांच्या) सीमा आणि वनप्रकार यांच्या शेपफाइल, म्हणजे रेषा, बिंदू आणि पॉलिगॉन (बंद आकृत्या) साठवणाऱ्या व्हेक्टर फाइल, हाताशी आहेत. फ्लॅममॅप या वणव्याच्या सिम्युलेशन प्रोग्रामला रॅस्टर, म्हणजे चौकोनी सेलच्या जाळीचा नकाशा, लागतं, म्हणून रस्त्यांच्या मध्यरेषेला दोन्ही बाजूंनी तीन-तीन मीटरचा बफर (पट्टा) देऊन ते ३० मीटरच्या सेलमध्ये बदलले आणि त्या सेलना न जळणाऱ्या इंधनाचा क्रमांक दिला. तरीही आग रस्ता ओलांडून पुढे जाते. सेल ५ मीटरचा केला तर काम होईल का?

५ मीटरचा सेल केलात तर आग बहुतेक थांबेल, पण मूळ प्रश्न तसाच राहील. सेलची संख्या ३६ पट होईल आणि त्या बदल्यात नवी माहिती काहीच मिळणार नाही, कारण उंचीचा डेटा ३० मीटरचाच आहे आणि वनप्रकाराचे पॉलिगॉन त्याहून ढोबळ आहेत. बारीक होईल तो फक्त रस्ता. तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत: रेषा सेलमध्ये बदलताना काय बिघडलं, आणि ती रेषा प्रत्यक्षात आगीला अडवते का. पहिला तांत्रिक आहे, अर्ध्या तासात सुटतो. दुसऱ्यासाठी जंगलात जावं लागतं, आणि माझ्या मते अभ्यासाचा कस तिथेच लागतो.

आधी तांत्रिक भाग. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमचा रॅस्टर उघडा, त्यावर मूळ रस्ता ठेवा आणि खूप झूम करून बघा. सलग पट्ट्याऐवजी तुटक तुटक सेल दिसतील: कुठे दोन लागून, मग मोकळी जागा, मग एखादा एकटाच. पॉलिगॉन रॅस्टर करताना सॉफ्टवेअरचा नेहमीचा नियम असा की सेलचा मध्यबिंदू पॉलिगॉनच्या आत आला तरच तो सेल भरायचा. तुमचा बफर सहा मीटर रुंद, सेल तीस मीटरचा. एवढ्या अरुंद पट्टीत मध्यबिंदू कधीतरीच सापडतो. म्हणजे काळजीपूर्वक बफर दिल्यानेच रस्त्याला भोकं पडली. बफर न देता नुसती रेषा रॅस्टर केली असती तर सलग साखळी तरी मिळाली असती. पण तीही पुरत नाही, कारण तिरप्या रस्त्यावर दोन सेल फक्त कोपऱ्याला टेकतात. आग आठ दिशांनी शेजारच्या सेलमध्ये जाते असं मानणाऱ्या प्रोग्राममध्ये ती त्या कोपऱ्यातून निसटते.

यावर जुना उपाय आहे. जीडाल या नकाशा-फाइल हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रॅस्टराइझ साधनात ‘ऑल टच्ड’ हा पर्याय असतो. तो लावला की रेषा ज्या ज्या सेलला शिवते ते सगळे भरले जातात आणि कोपऱ्याची फट बुजते. मात्र त्याची किंमत समजून घ्या. साडेतीन मीटर रुंदीचा एक किलोमीटर कच्चा रस्ता प्रत्यक्षात साधारण एक तृतीयांश हेक्टर जागा घेतो. ३० मीटरच्या सेलमध्ये तोच रस्ता कमीत कमी तीन हेक्टर खातो, तिरपा असेल तर चारपेक्षा जास्त. रस्ते दाट असलेल्या रेंजमध्ये (वनपरिक्षेत्रात) असं सरसकट केलं तर जळणारं जंगलच नकाशावरून कमी होतं आणि निकाल उगाच सुरक्षित दिसतात.

म्हणून रस्ते आणि जाळरेषा मी शक्यतो इंधनाच्या रॅस्टरमध्ये घालतच नाही. फ्लॅममॅप आणि आगीचा प्रसार वेळेनुसार दाखवणारं फार्साइट, या दोन्हींत अडथळे वेगळी शेपफाइल म्हणून देता येतात. फार्साइट आता फ्लॅममॅपच्या सहाव्या आवृत्तीतच आहे. मार्क फिनी यांच्या १९९८ च्या अहवालात त्याची रचना समजावलेली आहे, ती एकदा वाचाच, कारण तिथे आगीची कड हीच एक व्हेक्टर रेषा आहे. कडेवरच्या प्रत्येक बिंदूपासून त्या जागेचं इंधन, उतार आणि वारा यांनुसार छोटं लंबवर्तुळ काढायचं आणि त्या सगळ्यांना जोडणारी बाहेरची रेषा म्हणजे पुढच्या क्षणाची कड. हायगेन्सने प्रकाशलहरींसाठी मांडलेलं तत्त्व इथे आगीला लावलं आहे. एका पावलात कड किती अंतर पुढे जाऊ शकते आणि दोन बिंदूंमध्ये किती अंतर चालेल, हे आकडे तुम्हीच ठरवता. ते सेलच्या मापापेक्षा मोठे ठेवले तर इंधनातल्या अरुंद पट्ट्या पावलाखाली न येताच मागे पडतात. तुटका रस्ता आणि मोठं पाऊल एकत्र आले की आग रस्ता ओलांडणारच. तुमच्या सेटिंगमध्ये हे दोन आकडे काय आहेत ते आधी पाहा.

आता दुसरा प्रश्न. व्हेक्टर फाइल हातात आली की तिच्यातल्या प्रत्येक लेअरला मी एकच गोष्ट विचारतो: आगीच्या दृष्टीने तू कोण? काही लेअरचं इंधन होतं, म्हणजे त्यांना रॅस्टरमध्ये जावं लागतं. काही रेषा किंवा बिंदू म्हणूनच राहतात: अडथळे, आग लागण्याची ठिकाणं, जळालेल्या क्षेत्राची कड. आणि काहींना मॉडेलमध्ये जागाच नसते. ही वाटणी न करता सगळ्या फाइल आत ढकलल्या की पुढे गोंधळ होतो.

नाल्यांपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथे होते. नकाशावर निळी रेषा दिसली की हात आपोआप ‘अडथळा’ लिहितो. एप्रिलच्या शेवटी चोरलच्या बाजूच्या एखाद्या छोट्या नाल्यात उतरून बघा. पाण्याचा थेंब नसतो, दोन्ही काठांवरून घसरलेला सागाचा पाचोळा तळाशी गुडघाभर साठलेला असतो आणि उतार सरळ वर डोंगराकडे जातो. आगीला वर चढायला याहून सोपी वाट नाही. त्याच रेंजमध्ये अर्जुन-जांभळाची सावली असलेला, डबकी टिकवून ठेवणारा नालाही असतो. तो मार्चपर्यंत तरी खरोखर आग अडवतो. शेपफाइलमध्ये दोन्ही नाले एकाच जाडीच्या, एकाच नावाच्या रेषा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवर कोरडे नाले काळ्या रंगात आणि पाणी टिकणारे निळ्या रंगात छापलेले असतात. डिजिटायझ करताना ज्याने रंगाचं कॉलम ठेवलं नाही, त्याने नेमकी कामाची माहिती टाकून दिली. टोपोशीट मिळत असेल तर ती परत लावा आणि नाल्यांच्या टेबलमध्ये ‘महिना’ असं कॉलम जोडा: हा नाला कोणत्या महिन्यापर्यंत ओला राहतो. हे उत्तर उपग्रहापेक्षा बीटच्या (रेंजच्या लहान भागाच्या) नाकेदाराकडून, म्हणजे वनरक्षकाकडून, जास्त खात्रीचं मिळतं.

टोपोशीटवरून काही डिजिटायझ केलंच, तर डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या आधारावर मोजले तो, तपासा. जुन्या शीट एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मॉडेलवर) आहेत. त्या तशाच जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ वर आहेत असं समजून वापरल्या तर आपल्या भागात सगळं शंभरेक मीटर सरकतं. ३० मीटरच्या सेलमध्ये तीन सेल सरकले म्हणजे धारेवरची जाळरेषा उतारावर जाऊन बसते. इंदूर यूटीएम या प्रोजेक्शनच्या ४३ उत्तर झोनमध्ये येतं, सॉफ्टवेअरमधला क्रमांक ३२६४३. ग्वाल्हेरच्या कुणाशी डेटाची देवाणघेवाण करत असाल तर लक्षात ठेवा, ते शहर ७८ अंश रेखांशाच्या जरा पूर्वेला आहे, म्हणजे ४४ च्या झोनमध्ये.

जाळरेषांचंही नाल्यांसारखंच. फाइलमधली जाळरेषा म्हणजे कधीतरी आखलेली रेषा. ती या वर्षी साफ झाली का, कधी झाली, किती रुंद, हे त्या फाइलमध्ये क्वचितच असतं. वणव्याचा हंगाम साधारण १५ फेब्रुवारीपासून धरला जातो आणि जाळरेषा त्याआधी साफ व्हायच्या असतात. पण साग त्यानंतरही पानं टाकतच राहतो. सागाचं पान मोठं, वाळलं की वाऱ्याबरोबर सरपटत जातं. फेब्रुवारीत स्वच्छ केलेली रेषा एप्रिलमध्ये पुन्हा पानांनी झाकलेली असू शकते. अशा रेषेला अडथळा म्हणून दिलंत तर मॉडेल तिला अभेद्य भिंत मानतं, कारण अडथळ्याच्या फाइलमध्ये ‘थोडीशी अडवणारी’ असा प्रकारच नसतो. उतारावर आणखी एक धोका असतो. पेटलेला ओंडका गडगडत रस्त्याच्या खालच्या बाजूला जातो, आणि तो साध्या रनमध्ये दिसत नाही.

म्हणून मी प्रत्येक परिस्थिती दोनदा चालवतो: एकदा सगळ्या संशयास्पद रेषा अडथळा धरून, एकदा त्या पूर्ण काढून. दोन निकालांत जिथे फारसा फरक पडत नाही, तिथे त्या रेषेवर वाद घालण्यात वेळ घालवू नका. जिथे शेकडो हेक्टरचा फरक पडतो, तो तुकडा प्रत्यक्ष चालून बघा. माझ्या अनुभवात व्हेक्टर अडथळ्यांचा सगळ्यात मोलाचा उपयोग हाच: कुठली जाळरेषा आधी साफ करायची हे त्यातून कळतं.

पॉलिगॉनकडे वळू. वनप्रकाराच्या पॉलिगॉनला इंधन मॉडेलचा, म्हणजे तिथलं गवत-पाचोळा कसा जळतो याच्या ठरलेल्या वर्णनाचा, क्रमांक द्यावा लागतो. अँडरसन यांनी १९८२ मध्ये मांडलेली १३ मॉडेल आहेत आणि स्कॉट व बर्गन यांनी २००५ मध्ये दिलेला ४० चा संच आहे. दोन्ही अमेरिकेतल्या इंधनांवरून बनलेले आणि दोन्हींच्या मुळाशी रॉथरमेल यांचं १९७२ चं आगीच्या वेगाचं समीकरण. आपल्या कोरड्या सागवनासाठी जुन्या संचातलं ९ किंवा नव्या संचातलं रुंद पानांच्या पाचोळ्याचं १८६, मोकळ्या कुसळी गवतासाठी १०२ किंवा १०४, इथून सुरुवात करता येते. ही सुरुवातच आहे एवढं ध्यानात असू द्या. एक मीटर बाय एक मीटरच्या चौकटीतला पाचोळा गोळा करून, वाळवून वजन करा, आणि त्यावरून स्वतःचं इंधन मॉडेल बनवा. सॉफ्टवेअर ते स्वीकारतं. घाणेरी माजलेली असेल तर ती वनप्रकाराच्या नकाशात दिसणार नाही, तिचे पॉलिगॉन वेगळे काढावे लागतील.

इथे एक चूक अशी आहे की ती सहज लक्षात येत नाही. इंधनाचा रॅस्टर सेलचं माप किंवा प्रोजेक्शन बदलण्यासाठी रीसॅम्पल करताना ‘बायलिनियर’ निवडलं गेलं, तर सॉफ्टवेअर शेजारच्या सेलची सरासरी काढतं. १०२ आणि १८६ यांची सरासरी १४४. आणि १४४ हे संचातलं खरंखुरं मॉडेल आहे, झुडपांचं! त्यामुळे प्रोग्राम कसलीही तक्रार करत नाही, गवत आणि सागाच्या सीमेवर मुकाट्याने झुडपांचा पट्टा उगवतो आणि आग तिथे वेगळीच वागते. इंधनाला नेहमी ‘निअरेस्ट नेबर’. उताराच्या दिशेचंही तसंच: ३५० आणि १० अंश, दोन्ही उत्तरेचे उतार, त्यांची सरासरी १८० म्हणजे थेट दक्षिण. आधी उंचीचा डेटा रीसॅम्पल करा, उतार आणि दिशा त्यानंतर काढा.

उंचीसाठी समोच्च रेषांची शेपफाइल वापरायचा मोह होतो. नका वापरू. २० मीटर अंतराच्या रेषांमधून पृष्ठभाग काढला की धारेवर आणि दरीच्या तळाशी सपाट पायऱ्या तयार होतात. रॉथरमेलच्या समीकरणात उताराचा परिणाम उताराच्या कोनाच्या टॅनच्या वर्गाने वाढतो, म्हणजे उतारातली चूक वर्ग होऊन वेगात शिरते. आपल्याकडे माळव्याचं पठार जिथे संपतं तिथे जमीन निमाडकडे एकदम कोसळते. अशा कड्यावर हे परवडत नाही. कार्टोडेम किंवा कोपर्निकसचा, उपग्रहावरून बनवलेला ३० मीटरचा उंचीचा डेटा घ्या.

शेतांचे पॉलिगॉन बरेच जण ९३ देऊन मोकळे होतात. तो क्रमांक न जळण्याच्या अवस्थेत ठेवलेल्या शेतासाठी आहे. फेब्रुवारीत हिरव्या गव्हाला तो ठीक. पण मार्च-एप्रिलमध्ये कापणीनंतर उभी राहिलेली नरवाई म्हणजे वाळलेलं गवतच, आणि ती पेटवली जाते हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. आग शेतातून जंगलात शिरण्याचा मार्ग नकाशावर आपणच बंद करून टाकतो. तेव्हा शेतांना महिन्यानुसार दोन क्रमांक ठेवा.

कक्ष आणि बीटच्या सीमा मात्र मॉडेलमध्ये मुळीच नकोत. वर्किंग प्लॅनमधली (वनखात्याच्या कार्य-आराखड्यातली) माहिती कक्षवार असते, म्हणून लोक कक्षाच्या पॉलिगॉनलाच इंधनाचा क्रमांक देतात. मग एका कक्षात पूर्ण साग, शेजारच्यात पूर्ण मिश्र, आणि मध्ये सरळ रेषा. सिम्युलेशनमध्ये आग त्या रेषेवर वेग बदलते, जंगलात तसं काहीच नसतं. कक्षांचा उपयोग शेवटी करा. आग पोहोचण्याच्या वेळेचे निकाल व्हेक्टरमध्ये काढून त्यावर बीटच्या सीमा ठेवल्या की कोणत्या बीटमध्ये किती वेळात आग येते हे सांगता येतं.

आग कुठे लागली यासाठी फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडियाच्या अलर्टचे बिंदू थेट वापरू नका. हे अलर्ट ज्या उपग्रह-उपकरणांवरून येतात त्यांपैकी व्हीआयआयआरएसचा पिक्सेल ३७५ मीटरचा, मोडिसचा एक किलोमीटरचा. दिलेला बिंदू त्या पिक्सेलचा मध्य असतो, काडी कुठे पडली ती जागा नसते. शिवाय उपग्रह वरून जाईपर्यंत आग बरीच पुढे गेलेली असू शकते. त्या बिंदूभोवती पिक्सेलएवढं क्षेत्र काढा आणि त्यात मोहाची झाडं, पायवाट, वस्ती काय आहे ते बघा. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, आणि मार्च-एप्रिलमधल्या कित्येक वणव्यांचं मूळ त्यात असतं. गावकऱ्यांना विचारून मोहाच्या झाडांचा एक बिंदू-लेअर बनवलात तर आग लागण्याची ठिकाणं म्हणून तो कुठल्याही अलर्टपेक्षा उपयोगी पडेल. हे विचारताना चौकशी केल्यासारखं विचारू नका. मोह ही त्या घरांची वर्षाची कमाई आहे, आणि तो लेअर बनवायला त्यांचीच मदत लागते.

आणखी काही गोष्टी पटकन. शेपफाइलमध्ये कॉलमचं नाव दहा अक्षरांपलीकडे जात नाही, लांब नावं कापली जातात. देवनागरीत भरलेली माहिती एन्कोडिंगची फाइल सोबत नसेल तर कचरा होऊन उघडते, म्हणून मॉडेलला लागणारं सगळं अंकांत ठेवा. ‘साग’, ‘सागवान’, ‘टीक’ अशी एकाच गोष्टीची तीन नावं असतील तर जोडणी करताना दोन रिकामी राहतात आणि ते पॉलिगॉन न जळणारे ठरतात. शेजारच्या पॉलिगॉनमधल्या बारीक फटींचंही तेच: ३० मीटरला त्या सहसा दिसत नाहीत, सेल लहान केला की उघड्या पडतात. ५ मीटरच्या विचाराला आणखी एक कारणाने ‘नको’ म्हणतो ते यासाठी.

थोडक्यात तुमच्यासाठी क्रम असा ठेवेन: सेल ३० मीटरचाच राहू द्या, रस्ते इंधनातून काढून अडथळ्यांच्या वेगळ्या फाइलमध्ये टाका, पावलाचे आकडे ३० च्या आत आणा, मग अडथळ्यांसह आणि अडथळ्यांशिवाय असे दोन रन घ्या. हवामान आणि ओलाव्याचे आकडे दोन्हींत तेच ठेवा, नाहीतर फरक कशाचा ते कळणार नाही. नंतर सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांवरून गेल्या हंगामातल्या एखाद्या मोठ्या वणव्याचं जळालेलं क्षेत्र काढा आणि मॉडेलची कड त्यावर ठेवून बघा. दोन्ही कडा जिथे जुळत नाहीत तिथल्या रस्त्याचा किंवा नाल्याचा क्रमांक टिपून ठेवा.

त्या क्रमांकांची यादी आणि दोन्ही रनचे नकाशे इथे टाकलेत तर पुढचं एकत्र बघू. नकाशावर नाल्यांना गावात म्हणतात ती नावं घाला, आणि तीच फाइल केएमएल (फोनच्या नकाशात उघडणारं स्वरूप) करून रेंजच्या लोकांना फोनवर द्या. कोणता नाला कधी आटतो ते त्यांना ठाऊक असतं आणि त्या नावांवरून ते लगेच ओळखतात.